पान एकशे बारावरचं घर

पन्नाशी येईपर्यंत कार्त्यायनीने शिवणकामाच्या मापांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. छाती, कंबर, बाही, उंची. आट्टुकरा गावातल्या निम्म्या बायकांची मापं तिच्या वहीत होती आणि कोण कधी सुटली, कोण कधी वाळली हे तिला डॉक्टरच्या आधी कळायचं. पण वाचायची मात्र अधाशासारखी. दुपारी मशीन थांबलं की ओटीवर पाय पसरून बसायची आणि वाचनालयातून आणलेलं पुस्तक मांडीवर घ्यायची. आत तिची आई चीरूअम्मा पडलेली असायची. चीरूअम्माला वाचता येत नव्हतं आणि आता डोळ्यांनीही धड दिसत नव्हतं. घरात दोघीच. कार्त्यायनीचं लग्न झालं नव्हतं. तीन स्थळं ठरता ठरता फिरली होती, त्यालाही आता जमाना झाला.

वाचनालयाचे सेक्रेटरी दामोदरन मास्तर शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांना नवनव्या कल्पना सुचू लागल्या. त्यांनी वाचकांना एकेक कोरी वही वाटली. वर्षात बारा पुस्तकं वाचायची, बाराही वेगवेगळ्या तऱ्हेची, आणि प्रत्येकावर एक पान लिहायचं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बैठकीत ते मोठ्याने वाचायचं.

"पुस्तकात काय आहे ते लिहू नका," मास्तरांनी बजावलं. "ते मला ठाऊक आहे. वाचून तुम्हाला काय झालं ते लिहा."

कार्त्यायनीने हे अक्षरशः मनावर घेतलं. पहिलं पुस्तक सापांवरचं होतं. तिने लिहिलं, "लेखक म्हणतात साप माणसाला घाबरतो. हे सापाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आमच्या न्हाणीत आला तेव्हा तो आरामात होता, घाबरून मीच टाकीवर चढले होते. तरी पुस्तक चांगलं. आता मारायच्या आधी त्याची जात बघेन." बैठकीत हशा पिकला. मग स्वयंपाकाचं पुस्तक आलं. "मीठ चवीपुरतं, असं प्रत्येक पानावर आहे. ज्याला चव कळते तो पुस्तक कशाला उघडेल?" मग एका खलाशाची कादंबरी. "समुद्राचं वर्णन सत्तर पानं. मधे मला झोप लागली आणि स्वप्नात समुद्रच आला, म्हणजे लिहिणाऱ्याने काहीतरी केलं असणार." कवितांच्या पुस्तकावर तिने लिहिलं की पहिल्यांदा वाचून राग आला, दुसऱ्यांदा वाचून कळलं नाही आणि तिसऱ्यांदा वाचताना ब्लाउजची बाही उलटी शिवली गेली.

लोक तिच्या पानाची वाट बघू लागले. "कार्त्यायनीचेचीचं शेवटी ठेवा," असं तिला चेची, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या पोरी सांगायच्या. "नाहीतर नंतर कुणी थांबत नाही."

पाचवं पुस्तक मात्र तिला जड गेलं. कादंबरीतला नवरा एके सकाळी काही न बोलता घर सोडून जातो आणि बायको पुढची तीनशे पानं त्याची कारणं शोधत बसते. कार्त्यायनीने एवढंच लिहिलं, "जाणाऱ्याने कारण सांगून जावं. मागच्यांना दुसरीही कामं असतात." त्या रविवारी कुणी हसलं नाही. तिचा बाप ती पाच वर्षांची असताना दूर कोडगूच्या कॉफीच्या मळ्यावर नेहमीच्या कामाला गेला तो परत आलाच नव्हता, हे गावाला माहीत होतं. का आला नाही हे तिला माहीत नव्हतं. विचारलं की चीरूअम्मा म्हणायची, "तिकडची हवा मानवली त्याला." आणि विषय मिटवायची.

सहावं पुस्तक कॉम्रेड कुंजंबूंचं आत्मचरित्र.

कुंजंबू म्हणजे त्या भागातलं मोठं नाव. आणीबाणीत ते भूमिगत होते. पुढे आमदार झाले, आणि म्हातारपणी शहरात मुलीकडे राहून त्यांनी हे पुस्तक लिहिलं. वाचनालयाने एकदम पाच प्रती घेतल्या होत्या. कार्त्यायनीला राजकारणात रस नव्हता, पण बारा तऱ्हांमध्ये एक आत्मचरित्र हवं होतं. ती वाचत गेली. लहानपणची भूक, विणकरांचा संप, पहिली अटक. एकशे आठव्या पानावर एक फोटो होता. तरुण, गाल बसलेले, आणि डाव्या भुवईला मधोमध चिरणारी जखमेची खूण.

कार्त्यायनीने पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं.

ती भुवई तिने पाहिली होती. ती चार वर्षांची असेल. घराच्या माळ्यावर एक माणूस राहायचा. त्याला खोकला होता. तो खोकू लागला की तिने मोठमोठ्याने गाणं म्हणायचं, असं आईने शिकवलं होतं. तिला तो खेळच वाटायचा. कधीकधी तो माळ्यावरून खाली वाकून बघायचा आणि बोटाने खूण करायचा, की आता गा. मग एका सकाळी तो नव्हता आणि दारात पोलीस होते. त्यांनी आईला अंगणात ओढत नेलं. त्यानंतर चीरूअम्माचा डावा हात मनगटापासून कधी सरळ झाला नाही. पुढे कार्त्यायनीने विचारलं होतं, माळ्यावर कोण होतं गं? "कुणी नाही," आई म्हणाली होती. "तुला ताप आला होता, तेव्हाचं काहीतरी आठवतंय."

ती घाईने पुढची पानं वाचत एकशे बाराव्या पानावर पोचली. तिथे एवढंच होतं: "त्या वर्षीचे साडेतीन महिने मी नदीकाठच्या एका घरात काढले. घर कुणाचं होतं, ते आता आठवत नाही. तिथून निघाल्यावर डोंगरापलीकडे गेलो."

तिने ते चार-पाचदा वाचलं. पुढे कुणी त्यांना एकदा छत्री दिली होती, त्या माणसाचं नाव होतं, त्याच्या बापाचंही नाव होतं.

आईला काही न सांगता तिने तसंच पान लिहायला घेतलं, आणि या वेळी एकदाही खोडलं नाही.

रविवारी बैठकीला नेहमीपेक्षा गर्दी होती, कारण पुस्तक कॉम्रेडचं होतं. कार्त्यायनी उभी राहिली आणि तिने वाचलं: "पुस्तक चांगलं आहे. संपाचं प्रकरण वाचताना मी रडले. पण पान एकशे बारा मला मान्य नाही. ते घर आमचं होतं. तुम्ही माळ्यावर होतात आणि तुमचा खोकला झाकायला मी गात होते. तुम्ही गेल्यावर पोलिसांनी माझ्या आईचा हात मोडला. तिने तुमचं नाव सांगितलं नाही. तुम्हाला छत्री देणारा आठवतो. माझ्या आईचं नाव चीरू. आता तरी लक्षात ठेवा."

मग मागच्या बाकावरचा सजीवन, पक्षाच्या युवक शाखेचा पोरगा, ताडकन उठला.

"चेची, तुम्ही कॉम्रेडना खोटं पाडताय?"

"मी पुस्तकाविषयी लिहिलंय."

"चार वर्षांची होतात म्हणे. मला चार वर्षांचा असतानाचं माझं नावसुद्धा आठवत नाही."

"तुला आताचं तरी कुठे काय आठवतं?" कुणीतरी बाई म्हणाली, पण हसू फुटलं नाही.

बैठक मोडल्यावर मास्तर तिला कपाटांच्या मागे घेऊन गेले. "कार्त्यायनी, मी म्हटलं होतं खरं, तुम्हाला काय झालं ते लिहा म्हणून. पण हे पान वहीतून काढता येईल का? प्रदर्शनात वह्या मांडायच्या आहेत. उगाच वाद कशाला?"

"मास्तर, सापाचं पान ठेवता आणि आईचं काढता?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते. "ठीक आहे," ते म्हणाले. "मी कॉम्रेडना फोन करतो. ते काय म्हणतील ते म्हणतील."

घरी आल्यावरही तिने आईला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारची पारू केळीची पानं मागायच्या निमित्ताने आली आणि थेट आत जाऊन चीरूअम्माच्या खाटेशी बसली. पारू आईच्याच वयाची.

"काय गं चीरू, शेवटी नाव फुटलं म्हणायचं," बाहेर मशीनवर बसलेल्या कार्त्यायनीला तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "एवढी वर्षं आम्ही विचार करत बसलो कोण असेल, कोण असेल. आमदार निघाला की!"

पारू गेली. कार्त्यायनी आत गेली तेव्हा चीरूअम्मा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"अम्मे."

"काय लिहिलंस तू?"

कार्त्यायनीने सांगितलं. सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. तिला वाटत होतं आई रडेल, कदाचित तिचा हात हातात घेईल.

"तुला कुणी सांगितलं होतं माझं नाव लिहायला?" चीरूअम्मा म्हणाली.

त्यानंतर ती बोलायचीच बंद झाली. पेज समोर ठेवली की खायची, हाक मारली तर ओ द्यायची नाही. असे सहा दिवस गेले. कार्त्यायनी मशीन चालवायची, पण धागा सारखा तुटायचा. सातवं पुस्तक हाती घेतलं, एका परिचारिकेच्या आखातातल्या आठवणी. दहा पानं वाचून तिच्या ध्यानात आलं की ती फक्त ओळी मोजतेय.

सातव्या दिवशी मास्तर आले, आणि त्यांच्याबरोबर सजीवन. दोघांचेही चेहरे उजळलेले.

"कॉम्रेडशी बोलणं झालं!" मास्तर अंगणातूनच म्हणाले. "आधी दोनदा विचारलं, हे तिची मुलगीच सांगतेय का. मग म्हणाले, ती मुलगी सांगते ते अक्षर न् अक्षर खरं आहे."

सजीवनने मान खाली घातली. "चेची, माझं चुकलं. आम्ही ठरवलंय, वाचनालयाच्या वर्धापनदिनी अम्मांचा सत्कार करायचा. शाल, मानपत्र. कॉम्रेड स्वतः येणार. गावाला कळू दे आपल्याकडे कोण आहे ते."

"सत्कार नको," आतून आवाज आला.

चीरूअम्मा उठून दारापर्यंत आली होती. चौकट धरून उभी होती, वाकडा हात पोटाशी धरलेला.

"अम्मा, तुमचा हक्क आहे तो," सजीवन म्हणाला.

"हक्क तर घराचं दार लावायचाही आहे," चीरूअम्मा म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं. कार्त्यायनी बाहेरच राहिली, दोन पाहुण्यांबरोबर आणि शिलाईच्या ढिगाबरोबर.

मास्तर गेल्यावर ती मागच्या दाराने आत शिरली. तिचाही संयम आता सुटला होता.

"अम्मे, तो माणूस तुला विसरला म्हणून मी लिहिलं. घर कुणाचं आठवत नाही म्हणतो!"

"मीच सांगितलं होतं त्याला तसं लिहायला."

कार्त्यायनीने मागचं दार लावून घेतलं.

"तीन वर्षांपूर्वी आला होता," चीरूअम्मा खाटेवर बसत म्हणाली. "तू सूत-बटणं आणायला शहरात गेली होतीस. म्हणाला, पुस्तक लिहितोय, तुमचं नाव घालतो. मी नको म्हटलं. तो म्हणाला, मग काय लिहू? मी म्हटलं, आठवत नाही म्हणून लिही. म्हाताऱ्या माणसाने असं लिहिलं की कुणी पुढे विचारत नाही. बसल्या जागी रडला तो. पण ऐकलं त्याने."

"पण का?"

चीरूअम्माने वाकड्या मनगटावरून बोटं फिरवली.

"तुझा बाप कोडगूला होता. पाच-सहा महिन्यांनी एकदा यायचा. त्याचाच मित्र होता हा, त्याच्याच भरवशावर आला होता. बाप इकडे यायच्या आधी पारूने त्याला निरोप पोचवला, तुझ्या बायकोच्या माळ्यावर एक पुरुष आहे म्हणून. पोलीस आले, माझा हात मोडला, तेव्हा गावात कुणाला कळलं नाही ते कुणाला शोधत होते. मी नाव घेतलं नाही. मग लोकांनी ज्याला हवं ते नाव माझ्याशी जोडलं. तुझा बाप आला, त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, तो असो नाहीतर दुसरा कुणी, होता ना पुरुष? साडेतीन महिने होता ना? आणि निघून गेला. आणीबाणी उठल्यावर याने त्याला खुलाशाचं पत्र लिहिलं. त्या पत्राने तर आणखीच बिघडलं, याला माझी एवढी काळजी का म्हणून."

"आणि तू मला हवा मानवली म्हणून सांगायचीस."

"मग काय सांगणार होते? तुझी तीन स्थळं कशाने मोडली असं वाटतं तुला? पत्रिकेने?"

कार्त्यायनी खालीच बसली. तिला आठवत होतं, दुसऱ्या वेळी तिची साडीसुद्धा आणून झाली होती. तिसऱ्या वेळी मुलाचा काका फक्त निरोप सांगायला आला होता आणि पाणीही न पिता गेला होता. ती कित्येक वर्षं आरशात बघून कारण शोधत राहिली होती.

"बोलणारे एकेक करून मेले," चीरूअम्मा म्हणाली. "पारू तेवढी उरली होती. तिच्याबरोबर ते सगळं जळालं असतं. तू परत पेटवून ठेवलंस."

कार्त्यायनीला बोलायचं खूप होतं. एवढं सगळं तू एकटीने ठरवलंस, त्यात मी कुठे होते, असं विचारायचं होतं. पण समोर बसलेल्या बाईच्या हाताकडे बघून ती उठली आणि चूल पेटवायला गेली.

दुसऱ्या सकाळी दूध आणायला गेली तर बसथांब्यावर फ्लेक्स लागलेला. सजीवनच्या पोरांनी नकार मनावर घेतला नव्हता. एका बाजूला कॉम्रेड कुंजंबू, मूठ वळलेली. दुसऱ्या बाजूला चीरूअम्मा, रेशनकार्डावरून मोठा केलेला फोटो, डोळे अर्धवट मिटलेले. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: "मौन न सोडणारी वीरमाता". खाली दोन शाळकरी मुली उभ्या राहून वाचत होत्या आणि पलीकडच्या चहाच्या दुकानात दोन म्हातारे एकमेकांकडे वाकून काहीतरी कुजबुजत होते. त्यातला एक हसला. तो कशाला हसला हे कार्त्यायनीला कळायचं कारण नव्हतं. पण आदल्या दिवसापासून तिला प्रत्येक हसणं ओळखीचं वाटू लागलं होतं.

ती घरी परत गेली, कापडाची मोठी कात्री घेतली आणि थांब्यावर आली. चहावाल्याचं स्टूल मागून घेतलं, वर चढली आणि आईच्या बाजूचा फ्लेक्स वरपासून खालपर्यंत कापून काढला. बस आली, थांबली, लोक खिडक्यांतून बघत राहिले. सजीवन सायकल टाकून धावत आला.

"चेची, काय करताय काय? आम्ही चांगलंच करत होतो ना!"

"मीही चांगलंच केलं होतं, सजीवन," ती स्टुलावरून म्हणाली. "त्याचंच निस्तरतेय."

तिथून ती तडक मास्तरांकडे गेली. सत्कार होणार नाही, कॉम्रेडना येऊ नका म्हणून कळवा, एवढं तिने सांगितलं. मास्तरांनी होकार दिला. मग अडखळत म्हणाले, "आणि ते वहीतलं पान?"

"राहू द्या. वाचून झालंय ते सगळ्यांचं. काढून काय परत येणार आहे?"

घरी येऊन फ्लेक्सची गुंडाळी तिने जुन्या, रिकाम्या गोठ्यामागे टाकली. आत आली तर चीरूअम्मा जागी होती. थांब्यावरचा आरडाओरडा तिच्यापर्यंत पोचला असणार, कारण तिने काहीच विचारलं नाही. कार्त्यायनीने पेज वाढली, वर सुक्या मासळीची चटणी घातली. आई जेवली. जेवून झाल्यावर, आठ दिवसांत पहिल्यांदा, स्वतःहून म्हणाली, "आहे का ते पुस्तक घरात?"

"आहे."

"काय लिहिलंय त्याने? त्या पानावर नाही. त्याच्या आधी."

कार्त्यायनीने पुस्तक आणलं आणि सुरुवातीपासून वाचायला घेतलं. लहानपणच्या भुकेचं प्रकरण आलं. चीरूअम्मा डोळे मिटून ऐकत होती. "हे खरं," ती एका ठिकाणी म्हणाली. संपाच्या प्रकरणात मोर्चात आपण सगळ्यांत पुढे होतो असं कॉम्रेडनी लिहिलं होतं. "खोटं," चीरूअम्मा म्हणाली. "पुढे तुझा बाप होता. हा त्याच्या मागे होता. बुटका होता, दिसतही नव्हता."

कार्त्यायनी थांबली. बापाचं नाव पुस्तकात कुठेच नव्हतं.

"वाच ना."

एकशे बारावं पान आलं. कार्त्यायनीने तीन वाक्यं वाचली आणि वाट बघत राहिली.

"साडेतीन नाही," चीरूअम्मा म्हणाली. "चार महिन्यांना दोन दिवस कमी. आणि पोटभर कधी जेवला नाही, लाजायचा. मी रागावले तर म्हणायचा, वहिनी, तुमच्या वाटचं खातोय मी." तिने डोळे पुसले नाहीत, पण मान फिरवली. "बरा माणूस होता. तोच यायला हवा होता असं नाही. कुणीही आला असता तरी मी वर चढवला असता."

"बाप गेल्यावर तुला वाटलं नाही कधी, कशाला ठेवून घेतलं म्हणून?"

"रोज वाटलं," चीरूअम्मा म्हणाली. "तुझी स्थळं मोडली तेव्हा तर फार वाटलं. तुला सांगितलं असतं तर तू मला काय म्हणाली असतीस, याची भीती वाटायची."

काय म्हणाली असती, हे कार्त्यायनीला त्या क्षणीही सांगता आलं नसतं. तिच्या मनात राग होता आणि तो नेमका कुणावर हे ठरत नव्हतं. पारूवर, बापावर, कॉम्रेडवर, की या अंथरुणावर पडलेल्या बाईवर, जिने तिच्या आयुष्याचं कारण सत्तेचाळीस वर्षं स्वतःच्या पोटात ठेवलं. तिने आईच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि पुढचं प्रकरण उघडलं. डोंगरापलीकडचं होतं ते. त्यात त्यांच्या घराचा संबंध नव्हता.

अर्ध्या तासाने चीरूअम्माला झोप लागली. कार्त्यायनी मात्र शेवटच्या पानापर्यंत एकटीच वाचत गेली, बापाचं नाव कुठे येतं का ते बघत. ते आलं नाही.